चार दिवस वाळवलेलं मीठ

रविवारची दुपार. मी कोचावर आडवी आहे, पोटावर अहवाल, पायाशी टेबलफॅन मान हलवतोय. कागद उडू नयेत म्हणून वर एक बोटभर लांबीचा पोलादी पंच ठेवलाय. अहवालाचं नाव लांबलचक आहे, मतलब एवढाच: थोरियमवर चालणारी, वितळलेल्या मिठाची अणुभट्टी बांधायची तर खर्च किती येईल आणि तिचा उपयोग काय. उद्या सकाळी दहाला द्यायचा आहे. एकच परिच्छेद राहिलाय, आमच्या पहिल्या चाचणीतली नळी का गळली हा. मागच्या समितीचं वाक्य उतरवलं की सुटले. 'वेल्डिंगचा जोड सदोष.' तीन शब्द. दोन आठवडे झाले, हातून ते उतरत नाहीत.

डोळे मिटतात. पंखा ऐकू येतोय. मग पंख्याचा आवाज पंपाचा होतो आणि मी चाचणीच्या शेडमध्ये उभी आहे, पायात घरातल्या सपाता.

खराडे मिस्त्री नळीखाली उकिडवे बसलेत. काळ्या काचेचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला. ते जाऊन दोन वर्षं झाली, मी त्यांच्या दहाव्यालाही गेले नाही. तरी ते इथे कसे, असं मला वाटत नाही. वाटते ती फक्त लाज.

"मॅडम, सेफ्टी शूज कुटं हायेत?"

"स्वप्नात कोण तपासतंय, मिस्त्री?"

"म्हंजे जागेपनी तपासत्यात म्हना की."

मला हसू येतं. कितीतरी दिवसांनी येतं. नळीच्या कडेला माझ्या स्वयंपाकघराचा ओटा आहे आणि मिस्त्री त्यावर डबा सोडतायत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. अकरा वर्षं आम्ही दोघं या शेडमध्येच जेवलो. बाकीचे कॅन्टीनला जायचे. मी मीठ तयार करायची, ते नळ्या जोडायचे, आणि जेवताना त्यांना दुनियेभरच्या चौकशा. ते गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवते. नवरा नाही, मूल नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. चटणीचं वाटतं.

"ते थोरियम म्हंजे दर्याची काळी वाळूच न्हवं? मग इंधन फुकटच की."

"वाळू स्वस्तच आहे. पण थोरियम म्हणजे ओलं लाकूड. आपलं आपण पेटत नाही. आधी दुसरं काही पेटलेलं लागतं, मग हळूहळू त्याचं इंधन होतं."

"मग म्हाग काय?"

"बांधणं. त्या मिठात वर्षानुवर्षं टिकेल असा धातू. मीठ शुद्ध करणं. आणि बांधायला दहा वर्षं लागली तर दहा वर्षांचं व्याज."

"वीज केवढ्याला पडंल?"

"कुणालाच ठाऊक नाही. छातीठोक आकडा सांगतो त्याने अशी भट्टी बांधलेली नसते."

मिस्त्री मान डोलवतात. हे उत्तर त्यांना पटलेलं दिसतं. ते उठून चालायला लागतात, मी मागून. ओटा संपतो तिथे मिठागर आहे. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, पायाखालची जमीन चुलीजवळ असावी तशी ऊन. एकही माणूस नाही. दूरवर माझ्या इमारतीचा जिना नुसताच उभा आहे, इमारत नाही.

मी बोलत राहते, कारण थांबले तर ते जातील अशी भीती आहे. सांगते की नुसती वीज नाही, सहाशे अंशांच्या वरची उष्णता मिळेल. तिच्यावर समुद्राचं पाणी गोडं करता येईल, रंगाचे आणि खताचे कारखाने कोळशाशिवाय चालतील. आत वाफेचा दाब नाही. वीज गेलीच तर खालच्या नळीत थिजवून ठेवलेलं मिठाचं बूच आपोआप वितळतं आणि सगळं मीठ, त्यात विरघळलेल्या इंधनासकट, टाकीत उतरून निवतं. कुणी धावायला नको.

"लई गुणाची हाय."

"कागदावर."

"आमच्या कवठेमहांकाळला दर्या न्हाई."

"वीज येईल ना तुमच्याकडे."

"मोटर चालंल. हिरीत पानी पायजे."

ते वाकून ढिगातलं मूठभर मीठ उचलतात. मूठ आवळतात. बोटांतून पाणी ठिबकतं.

"वल्लं हाय, मॅडम."

मला कळतं की आपण इथवर यासाठीच आलोय. मी म्हणते, हे साधं मीठ आहे, हवेतलं पाणी ओढणारच.

"तुमचं बी वडतंय न्हवं?"

"ओढतं."

मग मी सगळं सांगते. आमचं मीठ बंद भांड्यात सहा दिवस तापवून वाळवायचं असतं. थेंबभर ओल राहिली तरी पुढच्या आचेत तिचं आम्ल होतं आणि ते नळी आतून खातं. त्या पहिल्या चाचणीच्या वेळी शनिवारी पाहुणे यायचे होते, त्यांना पंप चालू दाखवायचा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी पुढच्या कामाला परवानगी दिली. सही माझी. तीन महिन्यांनी नळी गळली ती नेमकी मिस्त्रींच्या जोडाशेजारी. समितीने जोडावर बोट ठेवलं. अकरा वर्षं ज्यांच्या जोडात क्ष-किरणाला ठिपका सापडला नव्हता, त्यांना वसाहतीच्या बागेचं रेलिंग करायला बसवलं.

"मला ठावं हुतं," मिस्त्री म्हणतात.

"कसं?"

"नळी कापली तवा आतनं बोट फिरवलं. जोड शाबूत. बाजूची नळी खाल्ल्याली."

"मग समितीपुढे का नाही बोललात?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. आनि वाटलं, मॅडम बोलतील."

हे ते रागाने म्हणत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मिठागर आता शेडएवढंच उरलंय. मी विचारते, "काय करू मी, मिस्त्री? खरं लिहिलं तर माझं नाव जातं."

"माझं गेलंच की."

"सांगा ना."

"मी मेलोय, मॅडम. कागद तुमचा हाय." मग माझ्याकडे वळून, "हात बगू."

मी हात पुढे करते. ते खिशातून त्यांचा नंबरचा पंच काढतात. प्रत्येक वेल्डर जोड झाला की शेजारी आपला नंबर ठोकतो, काम कुणाचं ते कळावं म्हणून. ते पंच माझ्या तळहातावर टेकवतात आणि अंगठ्याने दाबतात. दुखतं. मी हात काढून घेत नाही. पंपाचा आवाज बंद पडतो.

वीज गेलीय. पंखा एका बाजूला मान करून थांबलाय. चार वाजलेत, घरात चिटपाखरू नाही. उजवा हात गालाखाली अडकलाय आणि मुठीत पंच आहे. खराड्यांच्या मुलीने हत्यारांची पेटी शेडमध्ये परत आणून दिली, तेव्हा कुणी पाहत नसताना मी तो उचलला होता. कशासाठी, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मूठ उघडते. पंचावर आकडा उलटा कोरलेला असतो. माझ्या तळहातावर तो सुलटा उमटलाय, लालभडक: ४७.

मी रडते. कुणी ऐकायला नाही, म्हणून चांगली मोठ्याने रडते. मग पेन्सिल शोधते आणि राहिलेला परिच्छेद लिहिते. 'मीठ सहाऐवजी चारच दिवस वाळवले होते. परवानगी माझी होती. जोड शाबूत होता. वेल्डर क्रमांक ४७, शिदू खराडे.' खाली सही, 'सुनीती रेगे'.

हातावरचा आकडा कडेने फिकट व्हायला लागलाय. तो जायच्या आत मी पेन काढते आणि पेन्सिलीने लिहिलेला सगळा परिच्छेद सहीसकट शाईने गिरवते.