रिकाम्या बकेटचं वजन

भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला मला फार आवडतात. हसायला बरं पडतं म्हणून. आमच्या जळगावात, मेहरूणच्या कट्ट्यावर कोणी असला किस्सा काढला की त्याची पिसं काढायचं काम माझ्याकडे. माझा धंदाच तसा आहे हो! पोकलेन बंद पडलं की मालकाला देव आठवतो, ऑपरेटर लिंबू-मिरची बांधतो... आणि मी मल्टीमीटर काढतो. कुठेतरी करंट तुटलेला असतो, नाहीतर कुठेतरी प्रेशर गळत असतं. इतक्या वर्षांत तिसरं कारण सापडलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आबांचा फोन आला. आबा म्हणजे ठेकेदार. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात त्यांचं नाला खोलीकरणाचं काम चाललं होतं.

"मिस्तरी, या भिकनचं काय करू? म्हणतो बकेट रिकामी असली तरी मशीन वजन घेतं. सकाळी तासभर चालवतो आणि झाडाखाली जाऊन बसतो. प्यायला लागला की काय कोण जाणे! तुम्ही बघून या. मशीनचा फॉल्ट असेल तर दुरुस्त करा. नसेल तर सांगा, त्याला उद्याच घरी बसवतो. दुसरा ऑपरेटर तयार आहे."

घ्या! म्हणजे तपासायचं मशीन, आणि निकाल लागणार भिकनचा.

भिकनला मी चांगला ओळखत होतो. अंगणात खाट टाकलेली असेल तर ती न हलवता शेजारचा दगड बकेटच्या दाताने अलगद काढून देईल, असा त्याचा हात. मी पोचलो तेव्हा दुपार होती, ऊन नुसतं भाजत होतं. कोरड्या नाल्याच्या मधोमध पोकलेन उभं आणि हा पठ्ठ्या निंबाखाली.

"काय भिकनभाऊ," मी गाडीतून उतरता उतरता म्हटलं, "मशीनचे पाय भारी झाले म्हणे?"

"हासा मिस्तरी, हासा. पण पहिले देखा."

"बरं, सांग काय होतं ते."

"गावना काठवर बठ्ठं ठीक शे. तिकडला काठवर बकेट गई, का वजन लागस. रिकामी बकेट... तरी लागस."

मी पंप तपासला. व्हॉल्व्ह तपासले. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का पाहिलं, सेन्सरचे कनेक्टर साफ केले, सोलेनॉइडला करंट मोजला. सगळं लग्नातल्या नवरीसारखं नटूनथटून जागच्या जागी! मग बूमच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताच्या, सिलेंडरला प्रेशर गेज लावला आणि भिकनला वर बसवलं.

गावाच्या काठावर बकेट उचलली. काटा रिकाम्या बकेटला असावा तिथेच. बकेट डोंगराकडच्या काठावर फिरवली, जमिनीला टेकवली, पुन्हा उचलली...

इंजिन कण्हलं. आणि काटा चढला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. पंप थकला की काटा पडतो. इथे तो चढत होता. बूम हवेत स्थिर धरल्यावरही चढलेलाच. सिलेंडरच्या दुसऱ्या तोंडाला प्रेशर अडकलं असेल म्हणून तिथेही गेज लावला, तर तिथे काही नाही. गेजच खोटा असेल म्हणून बदलला. दुसरा गेजही तेच सांगायला लागला. अशा वेळी काटा एकाच कारणाने चढतो. वजन. बकेट दगडांनी भरल्यावर जेवढं असतं, तेवढं.

आणि बकेट माझ्या डोळ्यांसमोर लटकत होती. रिकामी. तळाला ऊन पडलेलं.

पण मिस्तरीने घाबरून कसं चालेल? मी ओरडलो, "भिकन, उलटी कर बकेट! पूर्ण उलटी, आणि झटकून दे!"

भिकन हलला नाही.

"अरे, उलटी कर म्हणतो ना!"

"नही मिस्तरी."

"का?"

"पडी जाई."

"कोण?"

त्याने इंजिन बंद केलं. आणि केबिनमध्ये बसूनच सांगायला लागला. मागच्या पावसाळ्यात याच नाल्याला पूर आला होता. हेच मशीन गावाच्या काठावर उभं करून भिकनने पलीकडे अडकलेल्या गड्यांना बकेटमध्ये बसवून इकडे आणलं. आपल्याकडे पुरात असंच करतात, होडी कुठून आणणार? शेवटी राहिले एक म्हातारे नाना आणि त्यांच्या बकऱ्या. नाना काही बसेनात. म्हणाले, "पहिले मन्ह्या बकऱ्या लई जाय." भिकनने नाद सोडला आणि बकऱ्या भरल्या. त्या इकडे उतरवून बकेट वळवली, तोवर पलीकडचा काठच पाण्यात बसला. नाना खाली दूर सापडले, दुसऱ्या दिवशी.

"गावात काय म्हणतात माहितीये?" भिकन आता माझ्यासारखं बोलायला लागला होता, शहरी माणसाशी बोलावं तसं. "बकऱ्यांचा ड्रायव्हर म्हणतात."

"आणि हे वजन लागल्यावर तू काय करतोस?"

"परत तिथेच ठेवतो. हळूच. आणि उतरून येतो."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्यातला मिस्तरी बाजूला झाला आणि गणपतीत नाटकं करणारा माणूस पुढे आला. म्हटलं, "अरे भल्या माणसा, रोज उचलतोस आणि रोज तिथेच सोडतोस? इकडे आण की!"

"गावना काठवर?"

"मग काय जळगावला नेतोस?"

भिकनने इंजिन चालू केलं. बकेट डोंगराकडच्या काठावर सपाट टेकवली, एखाद्याला चढायला सोपं जावं तशी. काच सरकवून म्हणाला, "चाला नाना. बसा आते. सरकी बसा."

उचलली. काटा चढला.

नाला ओलांडताना त्याने बकेट एवढी सावकाश फिरवली की बूमची सावलीसुद्धा थबकत थबकत सरकत होती. गावाच्या काठावर आणून त्याने ती जमिनीपासून वीतभर वर धरली. टेकवली नाही. मी गेजच्या काट्यावर नजर लावली.

"उतरा नाना," भिकन म्हणाला.

होडीतून माणूस उतरला की होडी हलते ना, तशी बकेट हलली. आणि काटा आपोआप खाली आला.

त्यानंतर भिकनने डोंगराकडच्या काठावरून कितीतरी वेळा बकेट उचलली. रिकामी बकेट रिकामीच. तो केबिनमधून उतरला, नाल्याच्या वाळूत बसला आणि घळाघळा रडला. मी उगाच पाना पुसत बसलो.

आबांना फोन लावला.

"काय फॉल्ट होता, मिस्तरी?"

"लोड होता. उतरवला."

"कसला लोड? आणि भिकन?"

"भिकनमुळेच सापडला. त्याला हलवू नका, दुसऱ्याच्या हातून हे मशीन चालायचं नाही." आबांना काही कळलं नाही, पण मिस्तरीशी वाद घालण्याइतके ते भोळे नाहीत. भिकन आजही त्याच मशीनवर आहे.

गोष्ट इथे संपवली असती तर मलाही रात्री बरी झोप लागली असती. पण माझ्या धंद्याची खोड! निघण्याआधी मनात आलं, मोजून तर बघू. भिकनला बकेटमध्ये बसवलं, लिव्हर मी धरले, बकेट उचलली आणि धरून ठेवली. मग उतरून गेज पाहिला.

काटा रिकाम्या बकेटच्या जागेवरून हललासुद्धा नव्हता. एवढं मोठं धूड ते, एका माणसाचं वजन त्याला काय कळणार? दगडांनी भरलेल्या बकेटइतका काटा चढवायचा तर कितीतरी माणसं लागतील.

हायड्रॉलिक्समधल्या जाणत्यांना विचारून पाहिलं. कोणी काही म्हणतं, कोणी काही. मला एकही कारण पटलेलं नाही, आणि माझ्याकडे दुसरं नाही. इथे कोणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त "उन्हाचा परिणाम" लिहू नका. ऊन मला लागू शकतं, गेजला नाही.

भिकनला मात्र गेज वाचून दाखवावा लागला नाही. वीतभर उंचीवर लटकलेल्या बकेटमधून त्याने माझा चेहरा पाहिला, मग गावाच्या काठाकडे वळून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मिस्तरी... नाना तर एकलाच व्हता."