खुशालची अट

खुशाल वांगी-मिरची पिकवतो आणि नार्नूरच्या आठवडी बाजारात माझ्या किराणा दुकानासमोर बसून विकतो. बारा वर्षांपूर्वी तो ख्रिस्ती झाला, आणि तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. मी नागनाथ, तोंडाचा फटकळ. "सगळे देव एकच," असं मी म्हणालो की हा तराजू खाली ठेवणार. "नाई बापा, माया लेखी एकच खरा." वर माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेणार. याचाच मला जास्त राग यायचा.

गेल्या भाद्रपदात माझ्या लेकीला, हर्षालीला डेंग्यू झाला. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस निघाले तर बघू. माझी बायको तुळजाबाई तिच्या उशाशी होती. मी कपडे न्यायला घरी आलो आणि माझी मतीच गेली. घरात मूर्ती असल्या की ख्रिस्ती प्रार्थना लागू पडत नाही, असं कुठंतरी ऐकलं होतं. देव्हाऱ्यातला खंडोबा, भवानी, बाळकृष्ण, सगळे मी धोतरात बांधून ज्वारीच्या कोठीमागं ठेवले आणि खुशालला बोलावलं.

"प्रार्थना कर. पोरगी वाचली तर तुझाच देव मानीन."

बारा वर्षं ज्यासाठी तो भांडला, ते मी आपणहून द्यायला निघालो होतो. त्यानं रिकाम्या देव्हाऱ्याकडं आणि कोठीमागून दिसणाऱ्या गाठोड्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"मूर्ती माया धर्मात बसत नाई, मी त्या गाठोड्याले हात नाई लावणार," तो म्हणाला. "पण तू ठेव सगळे जागेवर. भेवानं माया देवाकडं येऊ नको. पोरगी बरी होऊ दे, मंग बसू भांडत. आदी ठेव, मंगच मी प्रार्थना करतो."

मी एकेक देव परत मांडला. तोवर तो दारात उभा होता. मग गुडघे टेकून माझ्या लेकरासाठी असा रडला, जणू ती त्याचीच लेक होती.

हर्षाली वाचली. नवव्या दिवशी घरी आली. बाजाराच्या दिवशी मी त्याला विचारलं, "कोणी वाचवलं रे तिला?"

"माया प्रभूनं. मरेपर्यंत हेच म्हणीन." मिरच्यांवर पाणी शिंपडताना त्याचा हात थांबला. "पण माया पियुषसाठीबी मी असाच रडलो होतो. त्याले काऊन नेलं, हे मले आजवर समजलं नाई. रोज इचारून राह्यलो. जबाब येत नाई. मंग मले सगळं समजते, असं तुले कोण्या तोंडानं सांगू?"

पियुष त्याचा एकुलता एक मुलगा, सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. त्याच आठवड्यात खुशाल चर्चला निघाला, तेव्हा दुकानात बसून मी हसलो होतो. त्यानं ते पाहिलंही होतं.

मी दुकानातून उतरलो आणि त्याच्या वांग्यांशेजारी जमिनीवर बसलो. एवढा मोठा माणूस बारा वर्षं माझ्या दारासमोर बसत होता, आणि मी त्याला हरवायला बघत होतो.