एकाच तोंडाची नळी

त्यांना सगळे नळवाले म्हणत. धंदा नळजोडणीचा. तुंबलेले पाइप मोकळे करता करता त्यांच्या हाती एक तत्त्वज्ञान लागलं होतं: पाइपाला दोन तोंडं असतात, एकातून घातलेलं दुसऱ्यातून निघतंच. संसारालाही ते हाच नियम लावत आणि तिथेही तो बऱ्यापैकी चाले. अडायचा फक्त सासूबाईंपाशी.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या घरात बाकीचे नऊ सासूबाईंच्या मुठीत होते, त्यामुळे दहाव्याला कुणी भीक घालत नसे. सासूबाई नेमबाज. काडतुसाची बंदूक त्यांना बाजारू वाटे. त्यांची होती ठासणीची. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, मग उडवायची. मुलीच्या लग्नापासून त्या जावयाशी थेट बोलल्या नव्हत्या. भांडण काही नव्हतं. मुलीला म्हणायच्या, तुझ्या नळवाल्यांना सांग, चहा निवतोय. नळवाले समोरच कप धरून बसलेले असत. मुलगी सांगे, मग ते पीत.

त्या वर्षी संधिवाताने सासूबाईंची बोटं आखडली. घोडा ओढण्यापुरतं एक शाबूत होतं, पण गज धरून नळी घासणं जमेना. रविवारी क्लबची ठासणीच्या बंदुकांची स्पर्धा होती आणि ही त्यांची शेवटची, हे घरात सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरली, तिच्यावर बंदूक ठेवली.

"तुझ्या नळवाल्यांना सांग, नळी साफ करायचीय. त्यांच्याच धंद्यातलं काम आहे."

यात टोमणा किती आणि विश्वास किती, याची वाटणी नळवाल्यांनी केली नाही. ते बाह्या सारून बसले. सासूबाईंनी डबा उघडून हत्यारं मांडली. लाकडी गज, त्याच्या टोकाला लावायचं खाचांचं पितळी बोंड, सुती चिंध्या, आणि आत राहिलेली चिंधी ओढून काढायचा पिळाचा आकडा. आधी बंदूक भरलेली नाही ना, हे बघायला त्यांनी गज आत सोडायला लावला. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि आतून ठण्ण वाजलं. म्हणजे रिकामी. नळीला तळ आहे, हेही त्याच आवाजाने सांगून टाकलं होतं, पण ते मुलीमार्फत आलं नव्हतं.

सासूबाई आंघोळीला गेल्या. नळवाल्यांनी ती हत्यारं दुसऱ्याचं बाळ बघावं तशी कौतुकाने बघितली आणि स्वतःची पिशवी उघडली. आईचीच हत्यारं वापरा, असं बायको म्हणाली. एवढी जुनी काजळी काय चिंध्यांनी निघणार, असं ते म्हणाले. लोखंडी सळईला त्यांनी तारेचा ब्रश मळसूत्राने बसवला, वर गच्च फडकं गुंडाळलं आणि दिला रेटून. तो गेला झकास. पलीकडून मात्र काही निघालं नाही. मागे ओढला, तर तारा उलट्या रुतल्या. अडलेलं मळसूत्र डावीकडे फिरवलं की सुटतं, हे नळवाल्यांच्या मनगटाला डोक्याच्या आधी ठाऊक होतं. त्यांनी फिरवली. सळई लोण्यातून यावी तशी बाहेर आली. एकटीच. तिच्या मोकळ्या टोकाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

सासूबाई आल्या, त्यांनी बघितलं. पाइप नव्हे ही, हिला मागचं दार नसतं, असं त्यांना सांग म्हणाल्या. लोखंडाने नळीचं तोंड खरचटतं आणि तोंड खरचटलं की गोळी भलतीकडे जाते, हेही सांगायला लावलं. पिळाचा आकडा घालून बघितला, फडक्याचे चार धागे आले. मग त्या खुर्चीत बसल्या. आखडलेला हात दुसऱ्या हातात घेतला.

"उद्याचं राहू दे," त्या मुलीला म्हणाल्या. हे पुढे कुणाला सांगायचं नव्हतं.

नळवाल्यांनी खाली मान घालूनच बायकोला विचारायला लावलं, की मागे ठिणगी आत जायचं जे भोक आहे, तिथला तुकडा आट्यांचा आहे का. आहे, असं उत्तर आलं. त्यांनी तो सोडवला. मोठ्या व्हॉल्व्हसाठी ठेवलेला ग्रीसचा पंप त्या भोकाला जोडला, नळीच्या तोंडाशी बादली धरली आणि सावकाश दांडा दाबू लागले. शेवटी ब्रश फडक्यासकट तोंडाशी आला, तिथे जरा रेंगाळला आणि मागे ग्रीसचं शेपूट घेऊन बादलीत पडला.

सासूबाई उठल्या. चष्मा लावून, बोट फिरवून त्यांनी नळीचं तोंड तपासलं. ओरखडा नव्हता.

आता गरम पाणी आणि साबण म्हणावं, त्या म्हणाल्या. आणि लाकडी गज म्हणावं. दुपारपर्यंत त्यांनी एकेक चिंधी मुलीच्या हाती दिली, मुलीने नवऱ्याच्या. पहिल्या चिंध्या काळ्या निघाल्या, मग करड्या, शेवटी जशी गेली तशी पांढरी. मग तेलाचा हात.

स्पर्धेत दर गोळीनंतर नळी पुसावी लागते, त्या मदतीला नेमबाजामागे एकच मदतनीस उभा राहू शकतो, असा क्लबचा नियम. रविवारी सकाळी मुलगी निघायची तयारी करत होती.

"तू राहा. तुझ्या नळवाल्यांना सांग."

संध्याकाळी दोघं परतली. सासूबाई तिसऱ्या आल्या होत्या, त्या सरळ खोलीत जाऊन आडव्या झाल्या. नळवाले मोरीत हात धूत होते. काय झालं, असं बायकोने दारातून विचारलं.

"पहिली गोळी झाडली. मग हात मागे केला नि म्हणाल्या, चिंधी द्या."

"कुणाला म्हणाली?"

"मागे मीच होतो."

बायकोने हातातला टॉवेल खाली केला. "मग?"

"मी कोरडी दिली," नळवाले म्हणाले. "तर म्हणाल्या, ओली."