उसना कूलर

माझा स्वभाव तापट आहे हे मला सगळ्यांनी सांगून झालंय, त्यामुळे ते आधीच कबूल करून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्खी नोकरी झाली, आवाज कायमचा चढला तो चढलाच. कचेरीत मी टेबलापाशी उभी राहिले की समोरचा माणूस चहा खाली ठेवतो. म्हणून आत्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "तुझा पगार मी चालू करून दाखवते. काळजी सोड."

पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे पैसे. वय झालं, कमाई नाही, अशांना सरकार दरमहा देतं ते. कागदावर त्याला निवृत्तिवेतन म्हणतात, पण आमच्याकडची कुठलीही म्हातारी त्याला पगारच म्हणते. माझ्या स्वतःच्या पेन्शनवर मी महागाई भत्त्यासाठी कुरकुरत असते, ते सोडा.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घोडेगावच्या पुढे, डांबरी सोडून आत, पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन चार वर्षं झाली. उभा जन्म ऊसतोडीत गेला आणि गुडघे गेले तेव्हा कामही गेलं. केडगावात राहणाऱ्या माझ्या भावानं तिला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर टेम्पो आणतो आणि सामानासकट उचलून नेतो तुला." भाऊ मनाचा वाईट नाही. पण आत्याला जायचं नव्हतं. मला म्हणाली, "तिथं चहा प्यायचा म्हनलं तरी सुनंच्या तोंडाकडं बघावं लागंल. हितं मी मर्जीची मालकीन हाय." पगार मिळाला तर स्वतःची चूल, नाही मिळाला तर केडगावच्या हॉलमधला दिवाण. प्रश्न एवढाच होता.

उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, पासबुक, सगळं मी एका फाईलीत लावलं आणि अर्ज दिला. आता तलाठी घरी येऊन परिस्थिती बघणार होते. नेमकं त्या दिवशी मला श्रीरामपूरला लग्नाला जायचं होतं. मी फोनवर म्हटलं, "आत्या, तलाठी भाऊसाहेब येतील. सगळं नीट कर." हे 'नीट कर' मला फार महागात पडलं.

अर्ज नामंजूर झाला. मी तरातरा तहसीलला गेले आणि आवाज लावला. कारकून बिचारा शांत. त्यानं फाईल माझ्याकडे फिरवली. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, घरात कूलर, चार खुर्च्या, काचेचा टी-सेट, अर्जदाराची परिस्थिती समाधानकारक. मी म्हटलं, "अहो, हे दुसऱ्याच कुणाचं घर आहे!" तो म्हणाला, "बाई, फोटो पण आहे." फोटोत आत्या हिरवं इरकली लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कूलरशेजारी हसत उभी होती.

मी तशीच एसटी पकडून तिच्याकडे गेले. "आत्या, कूलर कुठून आला?"

"शेजारनीचा. तिच्या पोरानं आनून दिला. खुर्च्या सरपंचाच्या, कपबशा अंगनवाडीच्या बाईच्या." मग जरा अभिमानानं म्हणाली, "शिरा बी केला हुता. काजू घालून."

"काजू!"

"चारच हुते गं. अगं, सरकारचा मानूस पैल्यांदा दारात आला. त्याला काय पोत्यावर बसवू?"

हसावं की रडावं कळेना. मी मात्र ओरडले. कर्म माझं, म्हटलं, तुला गरिबी दाखवायची होती, तू तर मुलगी बघायचा कार्यक्रम मांडलास!  आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "शेजारपाजारच्या समोर मी भिकारी हाय म्हनून दाखवू व्हय?"

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी चौकशीच्या दिवशी सकाळीच हजर झाले आणि कारभार हातात घेतला. म्हटलं, ते फाटकं लुगडं नेस, चांगली भांडी पलंगाखाली ढकल. आत्यानं सरळ नाही म्हटलं. "फाटकं मी फडात नेसले, उसात कोन बघतंय. घरात पाहुन्यापुढं न्हाई नेसायची. खोटं श्रीमंत झाले ते चुकलं, आता खोटी गरीब बी व्हनार न्हाई." आमची जुंपली. मी शाळेत पोरांना गप्प बसवायची तसं तिला बसवायला गेले, पण तिनं माझी डाळ शिजू दिली नाही. धुतलेलं साधं लुगडं नेसली आणि दारात घोंगडी अंथरली.

तेच तलाठी आले. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "भाऊसाहेब, मागल्या वक्ताला मी तुमास्नी फशिवलं. कूलर उसना हुता. तुमचा मान राखावा म्हनून आनला."

भाऊसाहेब खो खो हसले. म्हणाले, "मावशी, शिरा तरी तुमचा होता ना?" घोंगडीवर मांडी घालून बसले आणि कागद काढला. "ऊसतोडीला होता ना तुम्ही? मुकादमाकडे तुमच्या नावावर काही होतं?"

"माझ्या नावावर कुटलं? आमी दोघं मिळून एक कोयता."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाची आगाऊ उचल पुरुषाच्या हातात, हिशेब पुरुषाच्या नावावर. आत्या अगदी सरळ आवाजात म्हणाली, "कोयता त्येंच्या नावाचा, मोळ्या माझ्या डोक्यावर. ते गेले, कोयता बी गेला."

 भाऊसाहेब बराच वेळ लिहीत राहिले. मी तोडणीवाल्यांच्या पोरांना इतकी वर्षं शिकवलं, कोयता हा शब्द हजारदा उच्चारला, पण त्यात माणसं दोन आणि नाव एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चांगलीच जिरली माझी.

दिवाळीच्या आधी मंजुरी आली. भावाला फोन मीच केला. "टेम्पो राहू दे," म्हटलं, "आत्या कुठं येत नाही." तो जरा नाराज झाला, जरा सुटलाही.

पहिला पगार काढायला मी तिला बँकेत घेऊन गेले. तिनं पासबुकावरचं आपलं नाव मला दोनदा वाचायला लावलं. बाहेर पायरीवर गुडघे धरून बसली आणि म्हणाली, "हे किती दिस देत्यात गं?"

"तू आहेस तोवर. फक्त वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा."

"म्हंजी?"

"तू जिवंत आहेस, एवढं जाऊन सांगायचं."

"दर साली इचारनार? मी हाय का म्हनून?"

"हो. दरवर्षी."

आत्याचा चेहरा फुलला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "धनी गेल्यापासनं एवढं बी कुनी इचारलं न्हवतं."

टोमणा नव्हता तो. ती खरंच खूश होती, पैशाइतकीच या गोष्टीवर खूश होती.  तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला गेले होते, त्यानंतर मी तिच्या दारात थेट या अर्जासाठीच आले होते.