पांढऱ्या घोडीचा नमुना

ती पांढरी घोडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एकटा बसलो की आठवते ती हीच.

मी तेव्हा दिल्लीच्या हद्दीतल्या शेवटच्या चौकीवर सहायक उपनिरीक्षक होतो. समोर गुरुग्रामचे टॉवर. शाळा दहावीवर सुटलेली, घर साताऱ्याकडे, इथे ओळखीचं कुणी नाही. एका सकाळी वरातीला घोड्या पुरवणारा एक जण तक्रार घेऊन आला. ताप येऊन त्याच्या दोन घोड्या मेल्या होत्या, दोन उरल्या होत्या. संशय शेजारच्या तबेल्यावर.

"साहब, उसकी घोड़ी की पहली रिपोर्ट खराब, दूसरी बिल्कुल साफ! गंगा नहा आई क्या?"

डायरीत नोंद करून मी, ते दोन्ही रिपोर्ट दिलेल्या रक्ततपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या डॉक्टर पुण्याच्या निघाल्या. मराठी ऐकून जीव भांड्यात पडला, पण धास्तीही होती. जबाबात शास्त्रातलं काही चुकीचं लिहिलं तर कोर्टात वकील मला सोलून काढणार. बाईंनी माझी वही ओढून घेतली आणि तिच्यात गोल काढायला सुरुवात केली.

"हा विषाणू घोड्यात एकदा शिरला की मरेपर्यंत राहतो, काका. वरून जनावर ठणठणीत. गोमाश्या चावून तो दुसऱ्या घोड्यात नेतात. आत रक्तातल्या लढणाऱ्या पेशी बदलत जातात. कोऱ्या कमी, लढून मुरलेल्या जास्त. पहिला नमुना तसाच होता. दुसऱ्यात बघा, कोऱ्याच कोऱ्या. अच्छा, घोडीचं वय काय लिहिलंय?"

"चौदा."

"छे! हे कोवळ्या जनावराचं रक्त आहे."

त्या शेजारच्या तबेल्याच्या मालकाला चौकीवर बोलावलं. साठीचा माणूस. "सैंपल मेरी ही घोड़ी का है," यावर दोन तास अडून राहिला. खोटं बोलणारा सहसा तुमच्या डोळ्यांत जरा जास्तच बघतो. हा जमिनीकडे बघत होता. मी आवाज न चढवता विचारलं, "तबेले में छोटी कौन है?"

तो म्हणाला, "उसी की बछेड़ी है, साहब. तीन साल की."

दुसऱ्या वेळी नमुना घ्यायला आलेला माणूस नवा होता. मायलेकी दोघी पांढऱ्याशुभ्र. मालकाने आईच्या जागी लेक उभी केली होती.

"किसी और की घोड़ी क्यों नहीं खड़ी की?"

तो चिडलाच. "झूठ थोड़े बोलना था मुझे! माँ-बेटी का खून तो एक ही होता है."

त्यांच्या धंद्यात घोडी घेताना आधी तिची आई बघतात. आईचं सगळं रक्तातून लेकीत उतरतं, ही पक्की समजूत. लेक निरोगी, म्हणजे आईही निरोगी. त्याच्या मते त्याने फसवलंच नव्हतं.

आईचा तिसरा नमुना माझ्यासमोर घेतला. रोग निघाला. अशा घोडीला नियमाने जगू देत नाहीत. तिला मारायच्या दिवशी मालक म्हणाला, "लगाम आप पकड़ लो साहब, मुझसे नहीं होगा." मी धरला. इंजेक्शन देईपर्यंत ती माझ्या खिशाशी नाक घासत होती.

शेजाऱ्याच्या उरलेल्या घोड्या वाचल्या. कोर्टात माझी एक ओळही अडली नाही. डॉक्टरबाईंचे ते उपकार मी विसरलेलो नाही. पण महिन्याभराने मी त्या तबेल्यावरून जात असताना घोडीचा मालक मला हाक मारून म्हणाला, "बैठो साहब, कोई आता नहीं." तेव्हा कळलं, त्या घोडीखेरीज त्याचं आपलं असं कुणीच नव्हतं. कबुली मिळाली की काम संपलं, असं मी मानत आलो होतो. त्यानंतर कुणीही कबुली दिली की सही घेण्याआधी मी विचारायचो, "घर पर कौन है?" त्याला मात्र ते विचारायचं राहून गेलं.