सव्वीस किलोचा आवाज

आर्णीत ॲम्प्लिफायर घ्यायची रीत ठरलेली. गिऱ्हाईक आधी तो ऐकत नाही, उचलून पाहतं. कंबर लचकली की माल अस्सल. ही खोड लोकांना लावली कुणी? बाबूसिंग राठोडनंच. पस्तीस वर्षं हा मिस्त्री बस स्टँडजवळच्या दुकानात असे ॲम्प्लिफायर बांधत आला, की ते घरी पोचवायला दोन माणसं लागत.

मग चिपवाले डिजिटल ॲम्प्लिफायर आले. एक समजून घ्यावा, तोवर त्याचा धाकटा भाऊ बाजारात हजर. साठीतला बाबूसिंग डोळ्याला भिंग लावून, मोबाईलवर पाहून पाहून शिकला आणि तळहाताएवढा एक बांधून बसला. वीज खाणार एखाद्या बल्बाएवढी, आवाज मात्र बैठकीची खोली भरून. गिऱ्हाईक तो दोन बोटांनी उचलायचं आणि हसून परत ठेवायचं.

"मिस्त्री, ही साबणदानी हाय का?"

बायको शीला एक दिवस म्हणाली, "संक्रांतीपर्यंत एक तरी खपवा. नाही तर दुकान त्या मोबाईलच्या कव्हरवाल्याले भाड्यानं देऊन टाकते. रोज विचारून राह्यला थो."

डिसेंबरात मधुसूदन देशपांड्यांचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आला. वीस वर्षांपूर्वी बाबूसिंगनंच बांधलेला, सव्वीस किलोचा. तहसीलमधून रिटायर झालेले देशपांडे दर रविवारी मित्रांना घरी गाणी ऐकवत. गाण्यापेक्षा तारीफ स्वतःच्या कानांची जास्त. बाबूसिंगनं डबा उघडला, जुन्या तारा कापल्या, जड ट्रान्सफॉर्मर होता तिथंच झोपू दिला आणि कोपऱ्यात आपली साबणदानी जोडली.

"पैसे आत्ता नको, साहेब. आधी महिनाभर ऐका."

तीन रविवार देशपांडे मित्रांना सांगत राहिले, "जुन्या वजनदार मालाची सर या नव्या फुसक्या डब्यांना यायची नाही. हा खर्ज ऐका."

संशय आला तो त्यांच्या मांजरीला. ही बया दर हिवाळ्यात त्या तापलेल्या डब्यावर पाय पसरून झोपायची. यंदा दोनदा बसून पाहिलं आणि तोंड वाकडं करून रजईत शिरली. चौथ्या रविवारी देशपांड्यांच्या पत्नी शोभावहिनींनी बाबूसिंगला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बाबूसिंग, आमची मांजर यावर काहून बसत नाही आता?"

बाबूसिंगनं स्क्रू काढून झाकण उचललं. कापलेल्या तारा, थंडगार ट्रान्सफॉर्मर आणि कोपऱ्यातली ती सर्किटची चिमुकली पाटी सगळ्यांनी पाहिली.

"देशपांडे साहेब," कापूसवाले किसनराव म्हणाले, "तीन हप्ते साबणदानीचाच खर्ज ऐकून राह्यलते तुमी."

देशपांड्यांचे कान लाल झाले. त्यांनी तेच गाणं पुन्हा लावलं, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"फसवलंस तू मला."

"हो साहेब."

"हे लोखंड उचलून ने. आणि नागपूरला आमच्या मुलीसाठी, आभासाठी, असाच एक बांध. डबा लहान ठेव."

"मलेही एक," किसनराव म्हणाले. उरलेल्या तिघा मित्रांनी मग मागं कशाला राहावं?

दुपारी कव्हरवाला नेमानं दुकानात डोकावला. शीलानं त्याला पायरीवरच अडवलं.

"मिस्त्रीले फुरसत नाही, भाऊ. ॲम्प्लिफायर पाहिजे असन, तर संक्रांतीनंतर या."