गाळातला मका

भाऊजींना किळस फार लवकर यायची. दुसऱ्याच्या पंच्याला ते हात लावत नसत. कपाच्या काठाला सायीचा ठिपका दिसला की चहा परत. पण ओढ्याकाठचा काळाकुट्ट गाळ, ज्याला सडक्या अंड्याचा वास मारायचा, तो मात्र ते बोटावर घेऊन नाकाशी न्यायचे आणि समाधानाने म्हणायचे, "वहिनी, उत्तम आहे." मला तेवढं ओकायचंच बाकी राहायचं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि राहायला आमच्याकडे अंबरनाथला. यजमान तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते. फाळणी होऊन काही वर्षं झाली होती आणि शेजारी उल्हासनगरला सिंधी मंडळींनी दुकानं नुकती थाटली होती. नमुन्यांसाठी बाटल्या भाऊजी तिथूनच आणायचे. एकदा मी बरोबर होते. दुकानदाराने तीनदा धुतलेली बाटली भाऊजींनी उजेडात धरली आणि परत दिली. तो वैतागून म्हणाला, "साईं, इसमें अमृत डालोगे क्या?" भाऊजी म्हणाले, "नहीं. कीचड." तो बिचारा माझ्याकडेच बघत राहिला.

मागच्या पडवीत तो गाळ कॉस्टिक सोड्यात उकळायचा. घरभर घाण सुटायची, शेजारीण खिडक्या लावून घ्यायची. एकदा मी चिडले तेव्हा त्यांनी मला बसवून सांगितलं. फुलातली पिवळी पूड, म्हणजे पराग, गाळात दबली की हजारो वर्षं कुजत नाही. प्रत्येक झाडाच्या कणाची घडण निराळी. खोलवरच्या थरात खाडीकाठी वाढणाऱ्या कांदळ-तिवरांचे कण भरपूर सापडले, तर एके काळी तिथवर भरतीचं खारं पाणी येत होतं असं समजायचं. गवताचे वाढले, तर हवा कोरडी होत गेली. "माणसं खोटं सांगतात वहिनी, गाळ सांगत नाही." मी म्हटलं, "सांगत नसेल, पण घाण मारतो ना!"

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका ओढ्याकाठी त्यांनी लोखंडी नळी हाताने ठोकून खोलवरचा गाळ काढला होता. त्यात कांदळाचे कण निघाले. समुद्र इतका आत येत होता! त्यांचे विभागप्रमुख हरखले. परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, भाऊजींची बढती नक्की झाली.

आणि एका रविवारी भाऊजी सूक्ष्मदर्शकावरून उठले ते पांढरेफटक होऊन. सगळ्यांत खालच्या थरात मका सापडला होता. मका आपल्याकडे आला फिरंग्यांच्या गलबतांतून. त्या हजारो वर्षं जुन्या थरात तो असणं शक्यच नव्हतं. नळी ठोकली तेव्हा ओढ्याकाठच्या परसात मका फुलला होता, त्याची पूड उडून नळीत गेली होती.

प्रमुख घरी आले. मी पोहे केले होते. खाताखाता ते म्हणाले, "अहो, चार कण मक्याचे. गाळून टाका. कोण बघतंय?"

"सर, प्रश्न मक्याचा नाही. हीच नळी मी आधी कल्याणच्या खाडीत वापरली होती. मका आत शिरला, तर खाडीचा कांदळही नळीला चिकटून आला नसेल कशावरून? मी पुन्हा खणतो."

"परिषद पुढच्या महिन्यात आहे."

"मग निबंध नाही."

प्रमुखांनी पोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावल्या, हात पुसले आणि गोड हसून म्हणाले, "तुमच्यावाचून अडत नाही." भाऊजींनी ती बशी उचलली आणि उष्ट्यासकट थेट मोरीत फेकली. प्रमुख जिना उतरत होते. आवाज त्यांना नक्की ऐकू गेला.

निबंध प्रमुखांनी एकट्याच्या नावावर वाचला, मका गाळून. भाऊजींची नोकरी गेली.

पुन्हा खणायला माणूस मिळेना, तेव्हा पदर खोचून मीच गेले. ओढ्याचं पाणी तोवर हिरवट पिवळं झालं होतं, वर फेस. काठावर कसलीशी राख ओतलेली. नळी वर आली तशी डोळ्यांना झोंबणारी वाफ आली. भाऊजींनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "क्लोरीन," ते म्हणाले. "यात आता परागही टिकला नसेल." मला माहीत होतं ते कुठून येतं. आमच्या घरचं धान्य त्याच कारखान्याच्या पगारातून यायचं. रात्री यजमानांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "सगळेच सोडतात." मला त्यांच्या ताटात वाढवेना.

महिन्याभरात भाऊजी रत्नागिरीकडे एका खाडीकाठच्या शाळेत मास्तर होऊन गेले. तिथेच तापाने वारले. चाळिशीही गाठली नाही.

पुढे माझी मुलगी कॉलेजात गेली. एकदा ती मोठ्याने घोकत होती, "प्राचीन काळी अंबरनाथच्या पुढपर्यंत कांदळवन होते." पुस्तकात खाली त्या प्रमुखांचं नाव. मी तिला सगळं सांगितलं, ओढा, नळी, मका. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं असेल गं आई," ती म्हणाली, "पण परीक्षेत हेच लिहावं लागतं." आणि पुढचं वाक्य घोकू लागली.